पाहुण्यासाठी सजवलेलं घर

वर्तमानपत्रात होतो तेव्हा एक शिस्त अंगात भिनली होती. फोटो काढण्याआधी समोरचं काहीही हलवायचं नाही. नोकरी सोडल्यावर मी साताऱ्यातल्या एका शैक्षणिक ट्रस्टसाठी गृहभेटी करू लागलो. शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्या मुलांच्या घरी जायचं, बोलायचं, घराचा आतून फोटो काढायचा. इथंही नियम तोच होता: घर जसं दिसेल तसं. निवड समिती साताऱ्यात बसते. तिच्यासमोर माझी टिपणं आणि फोटो जातात. टिपणं एखादा सदस्य वाचतो. फोटो सगळे बघतात.

त्या वर्षी श्रावण कोरडा चालला होता. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर पोहोचलो तेव्हा अंगाची लाही होत होती. तिथल्या एका मुलीला सांगलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. वडील मेंढरं घेऊन पलूसकडे गेलेले, घरी ती आणि आई. शिष्यवृत्ती मिळाली तर सांगलीचं वसतिगृह, नाहीतर वडिलांबरोबर मेंढरांमागं, असं तिनं फोनवर सरळ सांगितलं होतं.

पत्र्याच्या त्या एका खोलीत गादीच्या दोन खुर्च्या होत्या. काचेचा टीपॉय, टीव्ही, कोपऱ्यात कूलर. मी बसलो आणि लगेच उठलो. मागच्याच बैठकीत एका घराच्या फोटोकडे बघून कुणीतरी म्हणालं होतं, "यांच्याकडे फ्रिज आहे की." तो अर्ज बाजूला पडला होता.

"बसा की साहेब," आई म्हणाली. मी दारापर्यंत जाऊन परत आलो.

तेवढ्यात शेजारीण दारातून डोकावली. "आगं, कूलर लावलास न्हवं? पानी मात्र घालू नगंस. टँकर परवा यायचाय."

आईचा चेहरा उतरला. "त्यांचा कूलर बिघडलाय साहेब. म्हनून हितं ठेवलाय."

"बिघडलाय? सकाळी चांगला चालू दिला की मी!"

मुलीला हसू आवरलं नाही. आईनं तिच्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी थांबलं.

खुर्च्याही शेजारच्या, टीव्हीही शेजारचा. कूलर फिरत होता आणि गरम वारा तोंडावर येत होता. समिती फोटोत काय बघेल ते मी आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आवं साहेब, दारात आलेल्या मान्साला पोत्यावर बसवायचं व्हय? तुमी गेलासा की ज्याचं त्याला जाईल सगळं."

अडचण नेमकी हीच होती. मी असेपर्यंत ते घर तिचं दिसणार नव्हतं, आणि दिसेल तेव्हा मी तिथं नसणार. वस्तू उसन्या आहेत असं टिपणात लिहिता आलं असतं, पण टिपण वाचणार कोण? हलवा म्हणायची मला मुभा नव्हती. मी फोन खिशातून काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. बाहेर गेलो, उन्हात उभा राहिलो, आत आलो.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं एक खुर्ची उचलून डोक्यावर घेतली.

"ए, ठेव खाली! पाव्हनं बसल्यात न्हवं!"

"बसल्यात कुठं, आय? कवाधरनं उभंच हायत."

ती खुर्च्या देऊन आली, मग टीपॉय, मग टीव्ही. कूलरला शेजारणीनं एका बाजूनं हात लावला. "लय घाई गड्या तुमची. कूलर ऱ्हायला असता की सांजपतोर," ती म्हणत होती. मी कुणाला काही हलवायला सांगितलं नाही. थांबवलंही नाही.

खोलीत पोती उरली, पत्र्याची पेटी आणि भिंतीशी घडी घातलेलं घोंगडं. आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली होती. मी दोनदा हाक मारली. ती वळली नाही. फोटो तसाच काढला.

साताऱ्याच्या बैठकीत तो पडद्यावर मोठा करून दाखवला गेला. "ही बाई पाठमोरी का?" एका सदस्यानं विचारलं. काय घडलं ते मी क्रमानं सांगितलं. शिष्यवृत्ती मंजूर झाली.

कळवायला फोन केला तो आईनं उचलला. मी निकाल सांगितला.

"साहेब, त्यो फोटू किती जनांनी बघितला?"

"समितीतल्या सगळ्यांनी," मी म्हणालो.

"सगळ्यांनी," ती म्हणाली. "बरं. थांबा, पोरीला देते."