बुरखेवाल्याची बंदी

शाळेत बुरखेवाल्याची चित्रं आणायची नाहीत, असा हुकूम माझ्या वडिलांनी काढला आणि त्याला कारण मी होते. आज माझं वय ऐंशीच्या घरात आहे. हे ज्यांना ठाऊक होतं त्यांतली बहुतेक माणसं गेली. म्हणून आता लिहिते आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. बाबा कल्याणला एका प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते आणि मी त्याच शाळेत चौथीत होते. गावात सिनेमा बदलला की एक माणूस हातगाडीवर रंगवलेले फलक लावून, ढोलकं बडवत रस्त्यारस्त्यानं फिरायचा आणि गुलाबी-पिवळी हँडबिलं उधळायचा. मारधाडीच्या सिनेमाच्या हँडबिलावर घोड्यावर बसलेला, डोळ्यांवर काळं फडकं बांधलेला बुरखेवाला असायचा. हातात उगारलेली तलवार. आम्ही मुलं त्या कागदांसाठी गटारातसुद्धा हात घालायचो.

ती गाडी ओढणारा माणूस माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा मामा होता. ती खाडीकाठच्या कोळ्यांची. त्या वस्तीतून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. तिच्या कपड्यांना सुक्या मासळीचा वास येतो म्हणून कुणी तिच्याजवळ बसायचं नाही. बाबांनी मला बसवलं. सुरुवातीला मी नाक मुरडलं, हेही सांगून टाकते. पण तिच्याकडे बुरखेवाल्याची चळतच होती आणि मागेल त्याला ती एकेक देऊन टाकायची. शिवाय पाटीवर पेन्सिल न उचलता ती घोडा काढायची. महिन्याभरात मला तिच्यावाचून करमेनासं झालं.

रविवारी ती आमच्या घरामागच्या परसात खेळायला यायची. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. मोडक्या छत्रीचं काळं कापड फाडून आम्ही तिघांना बुरखे केले होते. खेळाचे नियम तिनं घातलेले. "हात नाय लावाचा कोनाला," ती म्हणायची. "बुरखेवाला आयला का दुष्टांनी आपन होऊन पडाचं." आणि आम्ही पडायचो. तिच्या खेळात कधी कुणाला ओरखडा आला नाही.

आता छडीचं सांगते. बाबा निर्दयी नव्हते. त्या काळात सगळेच गुरुजी मारत, तसे तेही मारत. निरगुडीच्या ओल्या फोका तासून ते छड्या करायचे. एक शाळेत असायची, एक घरी दाराच्या मागे. पाढा चुकला की "हात पुढे कर." हात मागे घेतला तर एकीच्या दोन. मला स्वतःला त्यांनी इतर मुलांपेक्षा जास्तच मारलं असेल, हेडमास्तरांची मुलगी म्हणून सवलत नको म्हणून.

त्या रविवारी आम्ही सकाळभर बुरखेवाला खेळलो. जेवणाच्या वेळी ती आपल्या घरी गेली. दुपारी आई माजघरात जरा आडवी झाली होती आणि बाबा कुणाकडे तरी गेले होते. मी भावाला म्हटलं, "चल, शाळा-शाळा खेळू." मी गुरुजी झाले. दारामागची छडी आणली. त्याच्या डोळ्यांवर छत्रीचा बुरखा तसाच होता, तो काढायलाच तयार नव्हता. मी साताचा पाढा विचारला. तो म्हणाला, "सात आठी चोपन्न."

"हात पुढे कर."

त्यानं हात पुढे केला आणि छडी खाली येताना झटकन मागे घेतला. खिदळला. मी पुन्हा छडी उगारली, त्यानं पुन्हा तेच केलं. तेव्हा मला राग आला. तो खेळातला राग नव्हता. तिसऱ्या खेपेला मी अंगातला सगळा जोर लावला, आणि त्याच क्षणी तो हात वाचवायला खाली वाकला. छडीचं टोक बुरख्याच्या भोकातून त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं.

तो आधी ओरडलाच नाही. नुसता "ताई" म्हणाला.

आई धावत आली तेव्हा मी छडी दारामागे ठेवत होते. ठेवताना तिनं मला पाहिलं. शेजारचे जमले. पोराच्या तोंडावर काळा बुरखा, बुरख्याखालून रक्त. एवढं पाहिल्यावर विचारायचं काय उरलं होतं? "सिनेमाचं खूळ, दुसरं काय," कुणी तरी म्हणालं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत तेच झालं.

त्याला ठाण्याला नेलं, तिथून मुंबईला. डोळा गेला. तिसऱ्या दिवशी मला भेटायला नेलं तेव्हा डोक्याला पट्ट्या गुंडाळून तो खाटेवर पडला होता आणि तापात सारखं पुटपुटत होता, "सात आठी छपन्न, सात आठी छपन्न." बाबा त्याच्या उशाशी बसून रडत होते. तिथल्या नर्सला म्हणाले, "बघा, एवढ्यातही पाढा विसरला नाही हो माझा मुलगा." मी खाटेची लोखंडी दांडी धरून उभी होते. तोंड उघडलं, पण आईनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की पुढे दोन दिवस तिथं वळ होता.

घरी आल्यावर बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्याबरोबर खेळायला कोण होतं?"

"माझ्या शेजारी बसते ती होती," मी म्हणाले.

सकाळी होती, हे मी म्हणाले नाही.

पुढच्या सोमवारी प्रार्थना झाल्यावर बाबांनी हुकूम वाचून दाखवला. बुरखेवाला, तलवारवाला, सिनेमाची कुठलीही मारामारीची चित्रं शाळेत आणायची नाहीत. पाटीवर काढायची नाहीत. तसले खेळ खेळायचे नाहीत. मग सगळ्यांची दप्तरं उलटी करायला लावली. व्हरांड्यात कागदांचा ढीग झाला. त्या दिवशी काही पालकही आले होते, ते माना डोलवत होते. दुसरीतल्या एका लहानग्यानं भाबडेपणानं विचारलं, "गुरुजी, मारुतीचं चित्र पण काढून टाकायचं का? त्याच्याकडे गदा आहे." भिंतीवर मारुती होता, राक्षसाच्या छातीत त्रिशूळ खुपसणारी देवी होती. बाबा क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या मुलाला बोलावलं आणि उद्धटपणाबद्दल दोन छड्या दिल्या.

माझ्या मैत्रिणीनं दप्तर उलटं केलं नाही. ते पोटाशी धरून बसली. "आमच्या मामानं दिल्यात," एवढंच म्हणत राहिली. बाबांनी तिला हात पुढे करायला सांगितलं. तिनं केला. एकदाही मागे घेतला नाही. किती छड्या झाल्या ते मी मोजत नव्हते, मी खाली जमिनीकडे बघत होते. शेवटी बाबांचाच हात थांबला आणि ते म्हणाले, "चित्रं टाकून यायचं असेल तर ये. नाहीतर घरी बस." ती दप्तर घेऊन निघून गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं असेल. मला माहीत नाही.

दोन दिवसांनी तिची आई आली. डोक्यावर टोपली तशीच. शाळेच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माझी पोर कोनाचे अंगावर हात टाकनारी नाय. तुमचे पोराचं वाईट झालं, देवानं तसं कोनाचं करू नये. पन तिनं काय केलान?"

बाबा म्हणाले, "तिनंच हे खूळ आणलं. बाई, माझ्या मुलाचा डोळा गेला आहे."

ती पदरानं डोळे पुसत परत गेली. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. खिडकीतून उडी टाकून तिला गाठावं, तिच्या पायावर पडावं असं वाटत होतं, आणि मी जागेवरून हललेसुद्धा नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगता येत नाही. मी आईला एकटं गाठलं. ती चुलीपुढे होती.

"आई, मी बाबांना सांगते."

"काय सांगणार आहेस? तू काही केलं नाहीस. खेळताना लागलं."

"त्यांच्या छडीनं लागलं. मी गुरुजी झाले होते."

तिनं फुंकणी खाली ठेवली. धुरानं की कशानं, तिचे डोळे लाल होते. "अगं, मुलाचा डोळा गेलाच आहे. आता हे कळलं तर ते काय करून घेतील? मला काय दोघं घालवायची आहेत?" आणि मग अगदी हलक्या आवाजात, "माझ्यावर दया कर ग."

दहा वर्षांच्या मुलीला आईनं असं हात जोडल्यावर तिनं काय करायचं?

मी खाडीकडे गेले. एकटी तिकडे जायची मला बंदी होती. ती घरापुढे जवळा वाळत घालत होती. तिच्या तळहातांवर अजून काळेनिळे पट्टे होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग गुरुजींना सांग ना," ती म्हणाली.

"सांगते," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही. तो आठवडा गेला, मग महिना गेला. रोज सकाळी उठताना आज सांगायचं ठरवायचं आणि शाळा सुटेपर्यंत धीर संपलेला असायचा. वर्गात शेजारची जागा रिकामी. त्या जागेवर दुसरी मुलगी बसवली तेव्हा मी तिला चिमटे काढून उठवून लावलं आणि त्याबद्दल मार खाल्ला. मार खाताना बरं वाटलं.

भाऊ घरी आला. एके दिवशी संध्याकाळी बाबा त्याला पाढे म्हणून दाखवायला सांगत होते. साताच्या पाढ्याला तो अडखळला आणि त्यानं दोन्ही हातांनी उरलेला डोळा झाकला. बाबांना कळेना. "अरे, मी मारत नाहीये. हात काढ." तो काढेना. मी ओसरीत होते. ते पाहून माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बाबा, मी मारलं. तुमच्या छडीनं. तो सात आठी चोपन्न म्हणाला म्हणून."

बाबांनी विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहे?"

आई दारात उभी होती. "आहे," ती म्हणाली.

ते मला काहीतरी करतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी काहीच केलं नाही. दारामागची छडी घेतली, तिचं टोक बोटानं चाचपून पाहिलं आणि ती घेऊन मागच्या दारानं परसात गेले. परत आले तेव्हा हात रिकामे होते. भावाला मांडीवर घेऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी कुणावर छडी उगारली नाही. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही, आणि हुकूमही मागे घेतला नाही. मागे घ्यायचा तर का, ते सांगावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात ते मला घेऊन खाडीवर गेले. हेडमास्तर दारात आलेले पाहून तिची आई घाबरली, बसायला गोणपाट शोधू लागली. बाबा बसले नाहीत. माझ्या मैत्रिणीला म्हणाले, "माझी चूक झाली, बाळ. उद्यापासून शाळेत ये."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "चित्रं आनली तर चालतील?"

शाळेत पालकांसमोर वाचलेला हुकूम, आळीतले लोक, भावाचा डोळा, सगळं बाबांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "नाही. तेवढं मात्र नाही."

"मंग नाय येत," ती म्हणाली आणि आत गेली. तिची आई तिच्या पाठोपाठ गेली, आतून समजावणीचा, मग रडण्याचा आवाज आला. आम्ही खूप वेळ बाहेर उभे होतो. ती आली नाही. शाळेतही पुन्हा कधी आली नाही.

बंदी तशीच राहिली. बाबा निवृत्त झाले, नवे हेडमास्तर आले, त्यांनीही ती चालू ठेवली. छडी त्यांनी पुन्हा आणली. भाऊ मोठा होऊन कल्याणजवळच्या मोहने गावच्या कारखान्यात लागला. डोळ्याचं कुणी विचारलं तर "लहानपणी पडलो" असं सांगायचा. मला एका शब्दानं कधी बोलला नाही, आणि मी त्याची माफी मागायचं धाडस केलं नाही.

ती मला त्यानंतर एकदाच भेटली. मी सतरा-अठरा वर्षांची असेन. मासळी बाजाराच्या तोंडाशी समोरासमोर आलो. तिच्या कडेवर मूल होतं. मी ओळख दाखवू की नको अशी घुटमळत होते, तेवढ्यात तिनंच विचारलं, "तुज्या भावाचा दुसरा डोला बरा हाय ना?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मूल रडायला लागलं म्हणून तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढे निघाली. मला हाक मारायची होती. काय म्हणून मारायची ते सुचेपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली.