हातावरचा आळ

मांडवीला स्वतःची होडी हाकणाऱ्या धाकू तांडेलाचा उजवा हात गेला, असं सगळी वाडी म्हणायची. पण सगळ्यांच्या आधी ते स्वतः धाकूनंच ठरवून टाकलं होतं. जाळं ओढताना हात दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये सापडला होता. हाड जुळलं, जखम भरली, डॉक्टरांनी हात वापरा म्हणून सांगितलं. तोवर पावसाळा सरून गेला होता आणि होडी किनाऱ्यावर ओढलेलीच होती. दिवाळीनंतर धाकू होडीवर चढला आणि इंजिनाची रेस वाढवायचा दांडा ढकलायला गेला, तर दांडा हलेना. दोन्ही हात लावावे लागले. खलाशांनी बघून न बघितल्यासारखं केलं, तेच त्याला जास्त लागलं.

आता दुसऱ्या कुणी तो दांडा ढकलून बघितला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण धाकूच्या होडीवर दांड्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, हा त्याचा जुना दंडक. तेव्हा कुणी बघितलं नाही. धाकूनं घरी येऊन बायकोला, मालनला, सांगितलं की आपला हात संपला, आणि त्याच हंगामात होडी हर्णेच्या गुणाजीला विकून टाकली. मालन त्या दिवशी जेवली नाही.

पुढं तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात फाटकावर राखणीला बसू लागला. जायला यायला मुलीची, मृणालीची, जुनी गिअरची सायकल होती. मृणाली नोकरीला पुण्यात गेल्यापासून ती मागच्या पडवीत खारं वारं खात उभी होती. तिच्या मुठीजवळची गिअरची खिट्टी अंगठ्यानं दाबायची असते. तीही दबेना. धाकूनं तेही पाप हाताच्याच माथी मारलं. एकाच जड गिअरवर तो सायकल रेटायचा आणि चढण आली की मुकाट उतरून ढकलायचा. याच हातानं तो सकाळी विहिरीचं पाणी ओढायचा, नारळ सोलायचा. मालन एकदा म्हणालीही, की नारळाला तुमचा हात बरा चालतो. त्यावर तो चिडला आणि दोन दिवस धड बोलला नाही.

मग एका सकाळी खिट्टीखालून केबलीच्या तुटक्या तारा बाहेर आल्या आणि त्याच्या अंगठ्यात घुसल्या. सायकलवाल्यानं नवी केबल दिली आणि तिच्यावरची काळी नळीसुद्धा नवी घालायला बजावलं. जाळी विणण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे काम काय अवघड? धाकू अंगणात बसला. मागच्या चाकाकडचा नट सैल केला आणि जुनी केबल ओढली. ती येईना. पकडीत धरून पाय लावून ओढली, तेव्हा कुठं सुटली, आणि तिच्यामागून नळीतून तांबडा भुगा अंगणात सांडला. नवी नळी जुनीच्या मापानं कापली, तेल सोडून केबल आत सारली, ताणून नट आवळला. जास्तीचं टोक मात्र त्यानं कापलं नाही. दोरी कापायची त्याच्या हाताला सवय नव्हती, म्हणून वेटोळं करून बांधून ठेवलं.

मागचं चाक उचलून त्यानं पायडल फिरवलं आणि अंगठा लावला. खट्. साखळी सरकली. पुन्हा लावला, पुन्हा खट्. पोराच्या खेळण्यासारखी हलकी खिट्टी. आतून मालननं विचारलं की कसला चाळा लावलाय. धाकू जुनी नळी हातात घेऊन बसला होता. रेसचा दांडासुद्धा अशीच केबल ओढतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? होडी महिनोन्‌महिने झावळांखाली पडून होती, तशीच ती केबलही. बिचारा हात तेवढा आळ सोसत राहिला.

त्यानं गुणाजीला फोन लावला आणि इकडचं तिकडचं न बोलता रेसच्या केबलीचं विचारलं.

"ती होय? होडी आणली तशी बदलली," गुणाजी म्हणाला. "आतून गंजून दगड झालेली. का रे?"

धाकूला रडू आलं होतं, आणि राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. मालन दारात येऊन उभी राहिली होती.

"तुला तांडेल लागतो काय?" त्यानं विचारलं.

"पण तुझा हात?"

"हात धड होता. गंजली होती ती केबल."

गुणाजीलाही उमगलं असावं. मग तो सावकाश म्हणाला, "शिमग्यानंतर ये. पण एक सांगतो धाकू, आमच्या होडीवर दांड्याला सगळ्यांचा हात लागतो."

"लागू दे," धाकू म्हणाला.