विसरलेली पिन आणि वहाबभाईंचं नाव: नांदेड ते औसा, मोटारसायकलवर

१९ जानेवारी, सोमवार

सहा महिने इथे एक ओळही लिहिली नाही, माफ करा. आजारपण नव्हतं, कामाचा फार रेटाही नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी अंगणात गोणपाट अंथरून गाडी उघडून बसायचो आणि फिरायला जायचं राहून जायचं, एवढंच. याच जागेवर मी मागे मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यापुढे गाडी दुकानात द्यायची नाही, सगळं काम स्वतःच्या हाताने करायचं. ते वाचून काहींनी नट-बोल्टचे पाने विकत घेतले, एकाने तर चेन बदलल्याचा फोटोही पाठवला. त्या सगळ्यांनी आजचं जरूर वाचावं.

नव्यांसाठी थोडक्यात. मी नांदेडला राहतो, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. अकरा वर्षं माझी गाडी देगलूर नाक्याकडे वहाबभाई मिस्त्रींच्या दुकानात जायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून ऑइल बदलून आणलं आणि चौथ्या दिवशी गाडीखाली ऑइलचं थारोळं. ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टचे आटे झिजून गेले होते. मी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना बोललो. त्यांनी लगेच काम पुन्हा करून दिलं. त्यानंतर मी गेलो नाही.

आता प्रवास. माझ्या बायकोचा, वैशालीचा भाऊ संतोष औशाला असतो. त्याच्या शेतात हुरडा आला होता आणि त्याचे फोनवर फोन चालले होते. बसने जावं असं वैशालीचं म्हणणं. मी म्हणालो, परवाच मी मागचे ब्रेक नवे टाकलेत, गाडी घोड्यासारखी आहे. शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. जाणाऱ्यांनी जानेवारीत कानाला काहीतरी बांधावं. गोदावरीच्या पुलावर गारठा असा की बोटं हँडलला चिकटल्यासारखी होतात. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर आणि पुढे औसा: सगळं मिळून एकशे साठ-पासष्ट किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण चांगला आहे म्हणूनच ट्रक सुसाट असतात. दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारी आणि कापलेल्या तुरीचे ढीग.

लोह्याला स्टँडसमोर चहा आणि गरम भजी, दोघांचे पन्नास रुपये. तिथून निघताना पहिल्यांदा आवाज आला. मागचा ब्रेक दाबला की ‘टक्’.

“काय वाजलं?” वैशालीने विचारलं.

“काही नाही. नवीन ब्रेक आहे, बसतोय हळूहळू.”

हे मी अगदी जाणकाराच्या सुरात म्हणालो. खरं तर मला काही कळलं नव्हतं. माळाकोळीच्या पुढे उतरून चेन पाहिली, चाक हलवून पाहिलं, काही दिसलं नाही. अहमदपूर येईपर्यंत ‘टक्’चं ‘खडक्’ झालं आणि वैशाली म्हणाली, “आता समोर जे दुकान दिसेल तिथे थांबवा. नाहीतर मी एसटीने जाते.”

दुकान दिसलं ते मन्मथअप्पांचं. पत्र्याचं शेड, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, साठीच्या घरातले गृहस्थ. गाडी स्टँडवर लावायला सांगून ते चाकाशी उकिडवे बसले आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, वैशालीकडे.

“ताई, कोन्या देवाला नवस बोल्ला व्हता?”

“का हो अप्पा?”

“फेडून टाका. अहमदपूरपस्तोर आलाव म्हंजी पावला त्यो.”

मग त्यांनी दाखवलं. मागच्या चाकात ब्रेकची झाकणी असते. ब्रेक दाबल्यावर ती चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. त्या पट्टीच्या नटाच्या तोंडाशी बोल्टमधून आरपार एक बारीक पिन घालून तिची टोकं वाकवतात, म्हणजे नट सुटत नाही. माझ्या गाडीत पिन नव्हती आणि नट दोन आट्यांवर लोंबत होता. तो पडला असता तर पट्टी सुटली असती, आणि पुढच्या वेळी ब्रेक दाबताच मागचं चाक जागच्या जागी जाम. मागे वैशाली बसलेली.

“हे काम कुनी केलंय?” अप्पांनी विचारलं.

मी म्हणालो, “नांदेडला, दुकानात.”

असं का म्हणालो? दोन दिवस मी स्वतःला हेच विचारतोय. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. त्यांच्या आवाजात ‘कुनी’ या शब्दावर जो जोर होता, त्याच्यासमोर ‘मी’ हा शब्द निघालाच नाही. वैशाली ओढणी बांधत होती, तिचे हात थांबले. 

“कोन्या दुकानात? नांदेडचे समदे मिस्त्री म्हाईत हायेत मला.”

आणि अकरा वर्षं जे नाव तोंडात होतं, तेच आलं. “वहाबभाई. देगलूर नाक्याला.”

अप्पांनी पाना खाली ठेवला. “वहाबनं? न्हाई हो. खोटं वाटून राहिलं मला.” मग हात पुसत म्हणाले, “आमी दोघं एकाच उस्तादाकडं शिकलो, आठ वर्सं. उस्ताद पिना मोजून तळहातावर ठिवायचा. काम झालं की जाऊन रिकामा हात दावायचा, मंगच गाडी भाईर. माझ्या हातात कैकदा पिन उरली, लई मार खाल्ला. वहाबच्या हातात कदी उरली न्हाई.”

याच क्षणी सांगता आलं असतं. मी तोंडही उघडलं बहुतेक. पण अप्पांनी फोन लावून टाकीवर ठेवला होता, हात तेलकट म्हणून स्पीकरवर.

“क्या रे वहाब, बुड्ढा हो गया क्या? तेरे गिऱ्हाइक की गाडी आयी इधर. पीछे का पिन नै डाला तू. मियाँ-बीवी दोनों गिरते थे ना!”

“कौनसी गाडी?”

अप्पांनी नंबर वाचून दाखवला. पलीकडे कुणाची तरी हातोडी वाजत होती. 

“लाल पट्टेवाली? चष्मेवाले सर?”

“हाव, वोइच.”

 मी रस्त्याकडे बघत होतो. मग वहाबभाईंचा आवाज आला, “मेरेसेच रह गया होंगा. सर को बोल, माफ करना. तू अच्छा देख के दे.”

अप्पांनी फोन बंद केला. जिंकल्यासारखे दिसले नाहीत, उलट त्यांचा चेहरा उतरला. “मान्य केलं बघा,” ते म्हणाले. “आता काय बोलावं. इंजनाचं मोठं काम आलं की मी हिकडून मानसं त्याच्याकडंच धाडतो. पिन इसरनारा मिस्त्री म्हंजी… इचार करावा लागंल.”

नवा नट, पिन आणि मजुरी मिळून त्यांनी साठ रुपये घेतले. पाठ दुखेल म्हणून वैशालीला जुन्या टायरवर पोतं टाकून बसायलाही दिलं होतं.

पुढचा रस्ता कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. आष्टामोडला जेवलो, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी, चव आठवत नाही. लातूरला गंजगोलाईला चक्कर मारायचं ठरलं होतं, मारली. गोल बाजारातून निघणारे रस्ते मला एरवी तोंडपाठ. त्या दिवशी दोनदा त्याच गल्लीतून बाहेर आलो. वैशालीने तेव्हाही काही विचारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

औशाला पोहोचलो तर संतोष दारातच हसायला लागला. “दाजी, ब्रेकवर पाय ठिवूनच आलाव का काय? मागला लाल दिवा जळूनच राहिलाय की!”

खरंच. चावी फिरवली की ब्रेकचा दिवा आपोआप पेटत होता. काम करताना अप्पांच्या हातून त्याची जोडणी सरकली असणार आणि त्यांनी पाहिलं नव्हतं. अहमदपूरपासून मागच्या वाहनांना मी सारखा थांबतोय असंच वाटत असेल. माझ्या पिशवीतल्या पान्याने दोन मिनिटांत काम झालं. मला बरं वाटलं: म्हणजे मुरलेला मिस्त्रीही विसरतो. लगेच वाईट वाटलं की बरं का वाटलं. अप्पांना मी फोन करून सांगणार होतो का, की तुमच्याकडूनही राहिलं? त्यांनी वहाबभाईंना केला होता तसा?

रविवारी सकाळी शेतात हुरडा. जायचं असेल तर जानेवारीतच जा. आगटीत भाजून काढलेली ज्वारीची कणसं हातावर चोळायची, सोबत तिळाची चटणी, गूळ आणि ताक. संतोषने जवळच्या उजनी गावची बासुंदी आणून ठेवली होती. तिच्या मी तीन वाट्या खाल्ल्या, हे लपवत नाही. नंतर मी आणि वैशाली दोघंच किल्ला बघायला गेलो. औशाचा किल्ला लांबून दिसतच नाही, जमिनीच्या पोटात बसलेला आहे. खंदक ओलांडून आत गेल्यावर एकदम भिंतींवर भिंती अंगावर येतात. आमच्याकडे कुणी तिकीट मागितलं नाही. पायऱ्यांवर गवत वाढलंय, बूट घालून जा.

बुरुजावर बसल्यावर वैशाली बोलली.

“वहाबभाईंनी हो का म्हटलं असेल?”

“विसरले असतील. एवढ्या गाड्या येतात.”

“नंबर ऐकून पट्टा नि चष्मा सांगितला त्यांनी. दोन वर्षं तुम्ही गेला नाहीत, हे तेवढं विसरले?”

“मग त्यांना वाटलं असेल की जुनंच काम आहे. मागचे ब्रेक याआधी त्यांनीच घातले होते.”

“दोन वर्षं पिनेशिवाय नट राहतो?”

राहत नाही. “मग मला सांभाळून घेतलं असेल,” मी म्हणालो.

“का? तुम्ही काय त्यांना सांभाळून घेतलं होतं?”

मी बुटाला चिकटलेलं गवत काढू लागलो. 

परतताना अहमदपूरला थांबून सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं, वैशालीलाही तसं म्हणालो होतो. दुकान उघडं होतं. अप्पा एका ट्रॅक्टरच्या इंजिनात डोकं घालून बसलेले. मी वेग कमी केला, वैशालीने खांद्यावर दोनदा थापटलं. आणि मी पुढे निघून आलो. गर्दी होती असं लिहिणार होतो, पण नव्हती.

लोह्याच्या अलीकडे मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती खरंच तेव्हा आठवली की मी ती कधी विसरलोच नव्हतो, हे मला नक्की सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी वहाबभाईंकडून ऑइल बदलून आणल्यावर त्याच संध्याकाळी मी घरी तो बोल्ट स्वतः पुन्हा आवळला होता. उगाच, खात्री म्हणून. नवा पाना होता आणि लांब दांड्यामुळे हाताला जोर कळत नव्हता. जास्त आवळलं की आटे जातात, हे मला नंतर शिकताना कळलं. म्हणजे ते आटे माझ्यामुळे गेले? की आधीच झिजलेले होते? आता ते शोधायचा काही मार्ग नाही. चार गिऱ्हाइकांसमोर बोलताना मात्र मला काहीच शंका नव्हती.

घरी आल्यावर मी वही काढली. गाडीचं प्रत्येक काम मी वहीत लिहून पुढे खूण करतो. ‘पट्टी, नट, पिन’ असं लिहिलं आहे आणि पुढे खूण आहे, माझ्याच हातची. सुट्या भागांच्या डबीत एक पिन सापडली, सरळ, न वाकवलेली. मी एकच आणली होती की दोन, ते आठवत नाही. प्रयोगशाळेत मुलांना मी सांगतो, रीडिंग घेतल्याशिवाय आकडा लिहू नका. मी बहुधा खूण आधी केली आणि काम नंतर करायचं ठेवलं. बहुधा.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, मग दुकानात द्यावी की घरी करावी? मला माहीत नाही. माझ्या हातून चाक जाम होण्याच्या बेतात आलं, आणि अप्पांच्या हातून दिवा राहिला. अप्पा आपल्या हातून उरलेल्या पिना आपल्याच नावाने सांगतात; मला विचारलं तेव्हा मी दुसऱ्याचं नाव सांगितलं. एवढाच फरक मला दिसतो, आणि तो पान्यांचा नाही. चेनचा फोटो पाठवणाऱ्या मित्राला आज एवढंच कळवलंय की मागचं चाक एकदा कुणाला तरी दाखवून घे.

वैशालीने आत्ता हे वाचलं. म्हणाली, “इथे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं समजू नका. ते दोघं काही हे वाचत नाहीत.”

उद्या: दहाला वहाबभाईंचं दुकान उघडतं, तिथे गिऱ्हाइकं असली तरी त्यांच्यासमोरच पिनेचं आणि बोल्टचं सांगणे, आणि त्यांच्याच फोनवरून अहमदपूरला अप्पांनाही.