धरणाकाठचा हट्ट

आईला घेऊन दोन दिवस धोम धरणाच्या काठी राहायला जायचं ठरवलं, तेव्हा नवरा हसला. म्हणाला, "जतच्या माणसाला तिकडं नेऊन दाखवणार काय, पाणी?" म्हटलं, होय, पाणीच.

जत तालुक्यातल्या आमच्या गावात आईचं सगळं आयुष्य टँकरमागं पळण्यात गेलं. वडील मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, आणि ही हंडे घेऊन रांगेत. भाजी धुतलेलं पाणी शेळीला, अंघोळीचं शेवग्याला. तिनं एकदा तरी हात आखडता न घेता पाणी वापरलेलं मला डोळ्यांनी बघायचं होतं. बस्स. लोक मला हट्टी म्हणतात, ते खरंच आहे. पण खाण तशी माती.

काठावर तंबू होते आणि भाड्यानं मिळणाऱ्या लाकडी खोल्या. तंबूत खाली बसणं-उठणं आईच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून खोली घेतली. दार उघडलं की समोर उतार आणि उताराच्या टोकाला नजर पोचेल तिथवर पाणी. आई दारात उभी राहिली, बघितलं, आणि आत जाऊन आधी बादली भरली. मग पातेलं. मग आमच्या सगळ्या बाटल्या. "नळ कवा जाईल काय सांगावं," म्हणाली. मी शॉवर सोडून दाखवला, तर तिनं हात लांब करून तो बंद केला आणि अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली. मला राग आला. चांगलाच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काठावर नेलंच. शेजारच्या तंबूतली मंडळी गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढत होती. आईच्या टाचांना इतक्या भेगा आहेत की चादरीचे धागे अडकतात. म्हटलं, "चप्पल काढ. पाय तरी बुडव."

"न्हाई."

"अगं, गार पाणी आहे, बरं वाटेल."

"काल गाडीत तूच सांगिटलंस न्हवं, हीच किस्ना फुडं सांगलीला जाती म्हून? तुमच्या नळाला हेच पानी येतंया म्हून?"

"सांगितलं. मग?"

"मग लेकीच्या हंड्यात पाय घालू व्हय?"

मोठ्या तोऱ्यात मीच ते ऐकवलं होतं. मग पाणी शुद्ध करूनच सोडतात, त्यात औषध टाकतात, सगळं सांगून बघितलं. ती माणसं उभी आहेत की पाण्यात, असंही म्हणून बघितलं.

"त्यांची लेक ऱ्हात नसंल सांगलीत," ती म्हणाली आणि वळून चालायला लागली.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण हार मानणारी मीही नव्हे. खोल्यांच्या मालकाकडून कळशी मागून आणली आणि आईला म्हटलं, बस खोलीच्या पायरीवर, तुला पाण्यात जायला नको, मी पाणी वर आणते. पायरीवर बसायलाही ती तयार होईना. पाणी वाया जाईल म्हणे. शेवटी मालकानं आवारात लावलेल्या आंब्याच्या एका रोपापाशी दगडावर बसली. मी उतरून कळशी भरून आणली आणि तिच्या पायांवर ओतली. पाणी भेगांतून, बोटांमधून रोपाच्या आळ्यात गेलं. आईनं डोळे मिटले.

"पुरं," म्हणाली.

"पुरं नाही." मी परत खाली गेले. चढ छातीवर येत होता. कळशी कमरेवर घ्यायची सवय सांगलीत आल्यापासून मोडलेली, त्यामुळं निम्मं पाणी माझ्याच अंगावर. तंबूतली मंडळी फोटो सोडून माझ्याकडं बघायला लागली. बघू देत. दर खेपेला आई 'पुरं' म्हणायची आणि मी न ऐकता खाली जायची. दम लागला तरी थांबले नाही.

आळं काठोकाठ भरलं, तेव्हा वाटलं, आता ही उठणार.

ती उठलीच. पण खोलीकडं गेली नाही. पलीकडच्या रोपापाशी जाऊन बसली, लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि दोन्ही पाय पुढं केले.

"आन आजून," म्हणाली.