माजं शेत बाप्यांनी लावलं

आमच्याकडं भाताची आवणी, म्हंजे रोपं लावायचं काम, एकमेकांच्या शेतात जाऊन करतात. आज सगळी तुमच्याकडं, उद्या सगळी आमच्याकडं. थोरल्या घरापासनं सुरू करायचं, एकटी बाई असंल तर तिचं शेवटी. मी एकटी, म्हून माजं शेवटी.

दोन सालांमागं पाऊस मधीच थांबला. सिद्धगडावर ढग दिसंना. खाचरातलं पानी आटाया लागलं आनि तीन शेतं लावायची राहिलेली, एक नदीकडचं, एक डोंगराखालचं आनि माजं. एकेक करत बसलो असतो तर माजं सुकलंच असतं. मला वरीसभर खायाला तेवढंच.

जावेची सून बोलली, "काकी, एकाच दिशी तिन्हीकडं जाऊ. तीन टोळ्या करू."

एक आमी म्हाताऱ्या, दुसऱ्या सुना, तिसरे गोडाऊनातनं रजा टाकून आलेले बाप्ये.

मी बोलली, "आमी म्हाताऱ्या माज्या शेतात जातो."

"मंग नदीकडचं कोन करनार? मांडीभर चिखल तितं. आमी गेलो तर रुतूनच बसू, तुमी उरकता. डोंगराखालचं लांब हाय, तितं आमी पोरी चालत जाऊ. तुमचं सपाट हाय, कोनीबी करंल."

कोनीबी म्हंजे बाप्ये. नांगर धरतील, पन वाकायची सवय नाय. पोरगी बोलली ते खोटं नव्हतं, म्हून मी पदर खोचला.

जाऊ बोलली, "चल गो. चिखलातल्या म्हशी आपुनच."

दिवसभर एक पाय उपसायचा, तर दुसरा खाली जायचा. मधीच मान वर करून माज्या शेताकडं बघायची. लांबनं काय कळत नव्हतं.

सांच्याला तिन्ही शेतं उरकली, पन माजा एक कोपरा मोकळाच. जावेचा पोरगा बांधावर पाठ धरून बसलेला.

"काकी, रोप पुरलं नाय."

जाऊ आईच त्याची, तिनं सोडला नाय. "पुरंल कसं रे मेल्या? तीन-चार काड्या लावायच्या, तर मेथीच्या जुड्या लावल्यात."

सून डोंगराखालचं उरलेलं रोप डोक्यावर घेऊन आली. "काकी, तुमी बसा, मी लावते."

मी बसली नाय. बसली असती तर उठवलं नसतं. दोघींनी मिळून लावलं, तरी थोडी जागा राहिलीच. त्या साली भात कमी झालं, पन तिन्ही घरात झालं.

आता दरसाल तसंच करतात. काम लवकर उरकतं, ते खरं. यंदा गुडघ्यानं चालवत नाय, तरी नदीकडं मीच. माज्या शेतात कोन चाललं, ते इचारायचं मी सोडलं.