गोळी टेबलावर, गोजरबाई खाटेवर

घरातली म्हातारी "बरं आहे" म्हणाली की तुम्ही लगेच विश्वास ठेवता ना?

बदलापूरच्या एका वृद्धाश्रमानेही ठेवला होता. चांगलं दीड वर्ष.

गोजरबाई चिखलोलीची. तीस वर्षं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प दोनला चालत गेली. भावात सिंधी शेठांपुढेही तिने कधी हार मानली नाही. खुबा मात्र त्या पाटीने खाल्ला. नवरा महिपती गेला, मूलबाळ नव्हतं. त्र्याण्णव साली पुतण्याने तिला आश्रमात आणून सोडलं.

मी तिथे दर रविवारी जायचो. तिथल्या म्हाताऱ्यांच्या वतीने भांडायलाच. कधी पाण्यावरून, कधी संडासावरून. एकदा तिच्या पदराकडे लक्ष गेलं. टोकाच्या नुसत्या ओल्या चिंध्या.

"आजी, उंदराने खाल्लं काय?"

"उंदराला माझे लुगड्यात काय गावल? मीच चावतंय. वरडाला नको म्हणून."

"एवढं दुखतं?"

"बरा हाय रं बाला."

"मग गोळी?"

"ती तिकरं, टेबलाव."

आश्रमाचा नियम असा: गोळ्यांची बरणी ऑफिसच्या टेबलावर. ज्याला दुखतं, त्याने चहाच्या वेळी येऊन मागायची. मी तडक व्यवस्थापकांकडे गेलो. चिंतामणी साहेब, कारखान्यातले रिटायर्ड ऑफिसर.

त्यांनी वही पुढे सरकवली. "बघा, त्यांची एकही तक्रार नाही. त्या कधी मागायला आल्याच नाहीत."

"साहेब, चालत येता आलं असतं तर तिला गोळी लागली असती कशाला?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

माझं डोकंच सटकलं. पाय धड त्याला गोळी, आणि जी खाटेवरून उठूच शकत नाही ती यांच्या वहीत ठणठणीत! मी टेबल धरलं आणि कप, वही, बरणीसकट फरफटत नेऊन तिच्या खाटेला भिडवलं.

"घ्या, आली ती टेबलाशी. आता पाळा नियम!"

त्याच दिवशी डॉक्टरला बोलवावं लागलं. त्याने खुबा तपासला. गोळी ठरल्या वेळी, खाटेवर नेऊन द्यायची, असं लिहून दिलं. पुढच्या रविवारी गेलो तर बाई भिंतीला टेकून बसलेली. पदर कोरडा.

"टेबल ओढलास नि चा सांडलास," मलाच झापलं. "पुसनार कोन, तुझा बा?"

दीड वर्ष, लोकहो! एका टेबलापायी!

आज घरी जाल तेव्हा म्हातारीला "बरं आहे ना?" असं विचारू नका. आधी तिचा पदर बघा. मग "कुठं दुखतंय?" असं विचारा, आणि ती बोट ठेवून दाखवेपर्यंत तिथून हलू नका.