हायपोचा डबा

दुष्काळाच्या त्या वर्षी माझा देवाशी अबोला होता. शिरूर कासार तालुक्यात मी सहकारी दूध संघाचा जनावरांचा डॉक्टर होतो. गाय वाचली की लोक देवळात नारळ फोडायचे, मेली की जाब मला विचारायचे. त्याचा राग होताच, पण खरी तळमळ वेगळी होती. लहानपणी आईबरोबर मी खंडोबाची तळी उचललेली, आणि पुढे शिकलो ते रसायन, रक्त, पेशी. या दोन्हींतलं एक काहीतरी खोटं असणार, असं सारखं टोचत राहायचं. पूजेला बसलो की आपण ढोंग करतोय असं वाटे. न बसलो तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं. शेवटी बसणंच सोडलं. त्यानेही स्वस्थता आली नाही.

दिवाळी झाली आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. मागे म्हातारी माणसं उरली आणि गावच्या दूध संस्थेला दूध घालणारी थोडी घरं. एक भुरभुर सर येऊन गेली, तेवढ्यावर कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना हिरवेगार फुटवे आले. असल्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं. ते खाऊन जनावर पडलं की किराळ लागली म्हणतात. पण वाळका कडबाही धड न मिळालेल्या जनावरांना कोण अडवणार? फेरीवर असताना मी दुपारी त्या संस्थेत पोचलो तेवढ्यात सुंदराबाई धापा टाकत आली. धनगराची बाई, साठीची, घरी एकटी. नवरा आणि मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेले. खंडोबाच्या देवळामागच्या रानात गावच्या गाई तीच राखायची.

"डॉक्टर, गाई पटापटा पडायल्यात वो," ती म्हणाली.

मी पळालो. अकरा गाई होत्या. तोंडाला फेस, श्वास वर लागलेला, पाय ताठ. एकीच्या कानाची शीर टोचली, रक्त लालभडक, या विषात होतं तसं. निदानाबद्दल शंका नव्हती. उतारा सोडियम थायोसल्फेटचा, आणि माझ्या पेटीत त्याची एकही बाटली शिल्लक नव्हती. तासाभरात सगळं संपणार होतं. तोवर म्हातारी मंडळी भंडारा घेऊन आली आणि गाईंच्या कपाळांना लावू लागली. मी त्यांच्यावर ओरडलो. आज आठवलं की लाज वाटते, कारण त्यांच्या हातात निदान भंडारा तरी होता. माझे हात रिकामे होते.

संस्थेत परत येऊन मी तालुक्याला फोन लावला. "थायोसल्फेट पाठवा, मिळेल तेवढं," मी ओरडत होतो. पलीकडून उत्तर आलं की औषध बीडहून मागवावं लागेल. मी फोन ठेवला. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला एक अनोळखी माणूस उठून दारात आला.

"थायोसल्फेट म्हणजे आपलं हायपोच ना?" त्याने विचारलं.

"हो, तेच!" मी म्हणालो. त्याचा बीडला फोटो स्टुडिओ होता. फोटो पक्के करायला लागणारं हायपो नगरहून घेऊन तो एस.टी.ने परत चालला होता. त्याच्या पिशवीत भरलेला डबा होता.

टपरीवरच्या उकळत्या पाण्यात आम्ही ते खडे विरघळवले, धुतलेल्या फडक्यातून गाळले, पातेलं हौदात धरून निववलं आणि रानात नेलं. ते औषध म्हणून बनवलेलं नव्हतं. शिरेत सोडताना माझे ओठ आपोआप हलत होते. काय म्हणत होतो, मला सांगता येणार नाही. उरलेलं पाणी सुंदराबाईने बाटलीने एकेकीच्या घशात ओतलं. थोड्या वेळाने पहिली गाय मान उचलून उभी राहिली. मग दुसरी. नऊ उठल्या, दोन गेल्या. गेलेल्यांतली एक सुंदराबाईची होती.

निघताना मी त्या माणसाला विचारलं, या गावात कुणाकडे आला होता? "कुणाकडंच न्हाई," तो म्हणाला. "दर महिन्याला ह्याच रस्त्यानं जातो. कधी उतरलो न्हाई. आज देवळाचं शिखर दिसलं अन् उतरावं वाटलं. कावून वाटलं, ते न्हाई सांगता यायचं."

सुंदराबाई मेलेल्या गाईपाशी बसली होती. "देवानंच धाडला त्याला," ती म्हणाली. मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, त्याला देवानं धाडला म्हणता, मग तुमची गाय का नेली?"

तिने गाईच्या मानेवरून हात फिरवला. "त्याच्यावरून मी भांडनच की देवासंगं," ती म्हणाली. "पर नऊ जित्राबं हुबी हायेत. ती न्हाई म्हनू का मी?"

हायपोने विषाचं काय होतं, ते मी आजही कागदावर मांडून दाखवीन. तो माणूस का उतरला, ते मांडता येत नाही. योगायोग म्हणून पाहिलं, मन भरलं नाही. कृपा म्हणून पाहिलं, तर ती मेलेली गाय डोळ्यांपुढे येते. पण एकाला खरं ठरवण्यासाठी दुसऱ्याला खोटं पाडायची घाई आता उरली नाही. जे माहीत आहे ते नीट करावं आणि जे हातात नाही ते त्याच्यावर सोपवावं, इतपत जमतं. तेही रोज नाही.

पुढच्या रविवारी कोवळ्या ज्वारीबद्दल लोकांना सांगायचं ठरलं. गावात कर्णा एकच, देवळातला. आरती झाल्यावर सुंदराबाईने त्याचा माइक माझ्यापुढे सरकवला. विष कुठे असतं, फुटवे आधी कापून का वाळवायचे, सगळं मी खंडोबासमोर उभा राहून सांगितलं. बोलणं संपल्यावर तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला. मी तो पुसला नाही. तसाच पुढच्या गावी लस टोचायला गेलो.